दादाचं स्थळ, आंब्याची पेटी आणि दोन 'एक नंबर'

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी १६ वर्षांची, बोरिवलीची, नुकतीच अकरावी झालेली. दादा ३१ वर्षांचा, लोअर परळला नोकरी. घरात लग्नाचा विषय निघाला की चप्पल घालून खाली जातो. हिने त्याला न सांगता लग्न जुळवणाऱ्या एका साइटवर त्याच्या नावाने प्रोफाइल केलं आणि मुलुंडच्या एका मुलीशी 'दादा' होऊन तीन आठवडे चॅट केलं. पत्रिका जुळवली, २९ गुण आले, आणि मे महिन्यातल्या एका रविवारी दोघांना दादरला भेटायला धाडलं. दादाला सांगितलं की एक ताई हापूसची पेटी आणून देणार आहेत. भेटीचा पार विचका झाला, पण त्यानंतर दादा त्या ताईंना दोनदा फोन करून बोललाय. आता हिचं म्हणणं: "जुळतंय तर मग सांगायलाच हवं का? आणि दिवाळीआधी लग्न होईल का?"

दिवाळीआधी नाही, हे आधीच सांगून टाकते. आषाढी एकादशीला चातुर्मास बसतो तो कार्तिकी एकादशीला उठतो आणि दिवाळी त्याच्या पोटात. तुळशीचं लग्न लागलं की मग माणसांची. हल्ली पंचांगात आपत्कालातले मुहूर्त छापून येतात, पण तुझ्या दादाचा आपत्काल वेगळ्या प्रकारचा आहे. राहिला पहिला प्रश्न. सांगायलाच हवं, आणि या आठवड्यात. का आणि कसं, ते नीट वाच.

मी दादरला २६ वर्षं वधूवर सूचक केंद्र चालवते. सुरुवातीला नोंदवही, गोंदाची बाटली आणि पासपोर्ट फोटो असा कारभार होता, आता सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. तुझ्यासारखी धाकटी भावंडं वर्षातून दोन-चार तरी येतात माझ्याकडे. कुणी ताईचा बायोडेटा गुपचूप आणून देतं, कुणी दादाचा पगार वाढवून लिहितं, कुणी आलेल्या स्थळाला परस्पर नकार कळवून मोकळं होतं. तेव्हा फार घाबरू नकोस. पण तुझ्याइतका लांबवर गेलेला गाडा मी यापूर्वी पाहिला नव्हता, हेही खरं.

तू पाठवलेला बायोडेटा मी चष्मा पुसून दोनदा वाचला. उंची तू तीन इंच वाढवलीस. ते सोड, तीन इंच तर मुलांच्या आयासुद्धा वाढवतात. 'स्वयंपाकाची आवड' लिहिलंस, आणि पत्रात खाली कबूल केलंस की दादाला मॅगी आणि ऑम्लेट येतं. तेही सोड. मी थांबले ते 'अपेक्षा' या रकान्यावर. तिथे तू लिहिलंयस: "मुलगी हसतमुख असावी. उगाच ओरडणारी नसावी. केस विंचरून देताना ओढू नये. बारावीचं गणित येत असल्यास प्राधान्य."

अगं, हा दादाच्या बायकोचा बायोडेटा नाही. ही तुझ्या वहिनीची जाहिरात आहे.

यात वाईट काही नाही. घरातले सगळेच हे करतात, तू फक्त उघडपणे केलंस. आई अपेक्षा लिहिते तेव्हा तिला सण-वार सांभाळणारी हवी असते, वडील लिहितात तेव्हा व्याह्यांशी राजकारणावर गप्पा मारता याव्यात असा हिशेब असतो. ज्याचं लग्न आहे त्याची अपेक्षा त्या कागदावर यायला मला तीन-तीन बैठका घ्याव्या लागतात. म्हणून केंद्रात पहिली बैठक मी मुलाशी किंवा मुलीशी एकट्याने करते आणि पालकांना खाली चहाला पाठवते. तुझ्या दादाशी तर कुणी अर्धी बैठकही केलेली नाही.

आता पत्रिका. २९ गुण आले म्हणून तू तीन उद्गारचिन्हं टाकलीयस. एकूण गुण ३६. त्यात वर्णाचा १, वश्याचे २, तारेचे ३ असं करत करत नाडीचे ८. लोक १८ च्या वर आले की पुढे जातात, म्हणजे २९ म्हणजे फारच उत्तम. पण तू पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जन्मतारीख बघ. दादाचा जन्म ४ सप्टेंबरचा, आणि ती साइट आधी महिना, मग तारीख विचारते. तू सवयीने ४ आणि ९ टाकलेस. म्हणजे एप्रिलची ९ झाली. जन्मवेळ माहीत नव्हती म्हणून स्वतःची टाकलीस, त्याने फारसं बिघडलं नसतं. गुण चंद्राच्या नक्षत्रावरून निघतात आणि चंद्र एका नक्षत्रात जवळजवळ दिवसभर असतो. लग्नरास मात्र साधारण दोन-दोन तासांनी पालटते, त्यामुळे कुंडलीची घरं सरकली असती एवढंच. पण महिनाच बदलल्यावर काय उरलं? ते २९ गुण त्या ताईंचे आणि ९ एप्रिलला जन्मलेल्या कुणा भलत्याच मुलाचे जुळलेत. तो कुठे असेल तिथे सुखी असो.

मी पत्रिकेवर फार विसंबत नाही, हे इथेच सांगते. माझ्या धंद्यात पत्रिकेचा खरा उपयोग नकार कळवायला होतो. 'मुलगा आवडला नाही' म्हणण्यापेक्षा 'पत्रिका जुळत नाही' म्हटलं की दोन्ही घरांची अब्रू राहते. २००३ साली माझ्याकडून दोन पाकिटांत पत्रिकांची अदलाबदल झाली होती. चुकीच्या पत्रिकेवर दोन्ही घरांनी होकार दिला, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मला कळलं, मी घाम पुसत फोन केला, तर मुलाची आई म्हणाली, "आता राहू द्या हो, हॉलचे पैसे भरलेत." त्यांची मुलगी आता कॉलेजात आहे.

भेटीचा भाग तू दादाच्या तोंडून ऐकून लिहिलायस. तो वाचताना मी एकटीच हसत होते आणि आमची पोळ्यावाली काळजीने बाहेर येऊन बघून गेली.

पहिली चूक जागेची. 'दादर, एक नंबर, इंडिकेटरखाली' असं तू ठरवलंस. बोरिवलीच्या माणसासाठी एक नंबर म्हणजे वेस्टर्न रेल्वेचा एक नंबर फलाट. मुलुंडच्या माणसासाठी एक नंबर म्हणजे सेंट्रल रेल्वेचा एक. डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेने दादरचे सगळे फलाट सलग मोजायला घेतले. वेस्टर्नचे १ ते ७ तसेच राहिले आणि सेंट्रलचे ८ ते १४ झाले. नेमका हाच गोंधळ मिटावा म्हणून. पण सेंट्रलवर वाढलेल्या माणसाच्या डोक्यातला एक नंबर पाटी बदलून बदलत नाही. त्या ताई आठवर 'एक नंबर' म्हणून उभ्या, दादा एकवर, मे महिन्याच्या उकाड्यात ४० मिनिटं. दादाने शेवटी तू दिलेल्या नंबरवर फोन लावला, तर आवाज फुटलेल्या एका पोराने उचलून "ताई कधीच निघालीय" म्हणून खाडकन ठेवून दिला. हे वाक्य लक्षात ठेव, मी परत येणार आहे त्याच्याकडे.

अखेर दोघं मधल्या पुलावर भेटले. दादाच्या हातात रिकामी पिशवी बघून त्यांनी ओळखलं म्हणे. मग गोखले रोडवर एका उपाहारगृहात जाऊन बसले, साबुदाणा वडा आणि पियूष मागवलं, आणि बोलणी सुरू झाली. तू लिहून पाठवलेली तशीच उतरवते, कारण माझ्या २६ वर्षांत पहिल्या भेटीत इतकं मोकळं बोललेलं जोडपं मी पाहिलं नाही:

"पेटी कुठाय?"

"म्हणजे? मला वाटलं तुम्ही आणलीत."

"मी कशी आणणार? बरं, हरकत नाही, घरी येऊन बघते. भाता नीट आहे ना?"

"भाताचाच आहे, पेंढा. गेल्या वर्षीचा, पण कोरडा आहे अगदी."

"गेल्या वर्षी बदललात का? छान. आणि रीड्स कुठल्या, पालिताणाच्या?"

"नाही नाही, गुजरातचा माल आम्ही घेतच नाही. देवगडच."

"देवगडला पेट्या होतात?"

"अहो, देवगडच्याच तर पेट्या! सीझनला वाशीला ट्रकच्या ट्रक उतरतात."

इथे त्या ताईंच्या डोळ्यांसमोर हार्मोनियमने भरलेले ट्रक उभे राहिले असतील. त्या गाणं शिकतात, जुनी पेटी शोधतायत आणि कुणीतरी बोरिवलीचे गृहस्थ ती विकायला येतायत, असं त्यांना सांगितलं होतं. दादा समजला की या ताई आंबे विकतात पण त्यांना आंब्यातलं ओ की ठो कळत नाही. "साडेतीन सप्तकांची का?" असं त्यांनी विचारलं आणि "पाच डझनांची" असं दादाने उत्तर दिलं, तेव्हा कुठे दोघं थांबले. पियूषचा ग्लास टेबलावर तसाच राहिला आणि दोघांनी एकदमच विचारलं, "तुम्हाला कुणी पाठवलं?"

दादा म्हणाला, "माझ्या बहिणीने." त्या म्हणाल्या, "माझ्या भावाने." मग घोटाळा पेटीचा झालाय, नंबर चुकीच्या माणसाला गेलाय, असं दोघांनी आपापलं समजून घेतलं आणि बिल अर्धं-अर्धं भरून निघाले. तुझ्या पत्रात हे वाक्य एका ओळीत येऊन जातं आणि तू पुढे दादाने परवा त्यांना कुणाच्या तरी जुन्या हार्मोनियमचा पत्ता कळवला, त्यावर येतेस. थांब जरा. 'माझ्या भावाने' यावर थांब.

तू पाठवलेलं चॅट मी पुन्हा वाचलं, मला सवय आहे वाचायची. तुला वाटतं तू २८ वर्षांच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या ताईंशी तीन आठवडे बोललीस. मला तसं वाटत नाही. बँकेतल्या माणसाची उत्तरं एप्रिलच्या कामाच्या दिवशी दुपारी बारापासून चारपर्यंत पटापट येत नाहीत, आणि रात्री दहानंतर एकदम बंद होत नाहीत, जणू कुणी फोन काढून घेतला. एके ठिकाणी मेसेज डिलीट केलाय आणि लगेच खाली "मला रविवारी सुट्टी असते" आलंय. वर काय असेल ते मी सांगू शकते: "ताईला रविवारी सुट्टी असते." मग तू लिहिलंस, "घरी पेटीचं निमित्त सांगू या, म्हणजे दडपण नको," आणि समोरून आलं, "चालेल, पेटी बेस्ट, घरी शंका येणार नाही." स्वतः कमावणाऱ्या २८ वर्षांच्या बाईला रविवारी दादरला जायला घरी निमित्त कशाला लागेल? निमित्त लागतं ते जिला कुठेतरी पाठवायचं आहे तिच्यासाठी. तुझ्या डोक्यात आंबे होते, समोरच्याच्या डोक्यात हार्मोनियम.

पण माझी खात्री पटली ती दुसऱ्याच गोष्टीने. तीन आठवड्यांत समोरून एकदाही घराबद्दल विचारलं गेलं नाही. मुंबईत लग्न करायला निघालेली मुलगी पहिल्या दहा प्रश्नांत विचारतेच: घर स्वतःचं आहे का, किती खोल्या, घरात माणसं किती. ती विचारत नसेल तर तिची आई विचारते, आई नसेल तर मावशी. तुला समोरून काय विचारलं गेलं? 'तुमच्याकडे वायफायचा स्पीड किती' आणि 'तुम्ही क्रिकेट बघता का'.

तर माझा अंदाज असा. ते आवाज फुटलेलं पोर म्हणजेच तुझ्याशी बोलणारी 'ताई'. वय १५-१६, दहावीची परीक्षा देऊन सुट्टीत रिकामं बसलेलं. त्यालाही तुझ्यासारखंच, ताईचं लग्न जमवावं असं वाटलं असणार. म्हणजे लग्न जमवायला निघालेली दोन्ही माणसं कायद्याने लग्नाच्या वयाची नाहीत, आणि ज्यांचं जमवायचं त्यांना पत्ताच नाही. माझा अंदाज चुकूही शकतो. पण तू स्वतः त्या नंबरवर विचारायला जाऊ नकोस. दादा त्या ताईंना विचारेल, त्या घरात विचारतील, पाच मिनिटांत उजेड पडेल.

आणि हे हसण्यावारी नेऊ नकोस, म्हणून थोडं कडक बोलते. समोर एक शेंबडं पोर निघालं हे तुझं नशीब. या साइटवर 'परदेशातला डॉक्टर' म्हणून गोड बोलणारे असतात. भेटवस्तू पाठवली म्हणतात, मग ती कस्टममध्ये अडकली म्हणून पैसे मागतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या बायका ते पैसे भरून झाल्यावर येतात. तुझ्याकडे आईच्या फोनचं यूपीआय आहे, हे तू पत्रातच लिहिलंयस. कधी असं काही झालं तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा, लाजेने दोन दिवस घालवायचे नाहीत. २०१६ साली केंद्र सरकारने या साइटसाठी सूचना काढल्या, त्यात नोंदणी करणाऱ्याने ओळखीचा पुरावा द्यावा आणि लग्नाचाच हेतू असल्याचं जाहीर करावं असं आहे. तू दादाच्या नावाने तसं जाहीर केलंस. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवलं तर आयटी कायद्याच्या ६६ड कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तू कुणाला लुबाडलं नाहीस, तेव्हा तुला कुणी तुरुंगात टाकणार नाही. पण एक बाई अनोळखी माणसाला भेटायला उन्हात ४० मिनिटं उभी राहिली ती तुझ्या शब्दावर. त्यांना राग यायचा पूर्ण हक्क आहे. आला तर तो ऐकून घ्यायचा.

आता सांगायचं कसं.

आधी दादाला. एकट्याला. आई-बाबांच्या आधी. तुमचं घर सध्या भाड्याचं वन बीएचके आहे, तिथे एकट्याने बोलायला जागा नाही, मला कल्पना आहे. मुंबईत गुप्त गोष्ट बोलायला लोक गच्चीवर जातात किंवा स्टेशनपर्यंत चालत जातात. तू स्टेशनपर्यंत चालत जायचं कर. चालताना समोर बघून बोलता येतं, डोळ्यांत बघावं लागत नाही. सुरुवात 'तुझ्या भल्यासाठी' या शब्दांनी करू नकोस. या दोन शब्दांनी मी चांगले-चांगले भाऊ बहिणींवर खेकसताना पाहिलेत. सरळ सांग: "दादा, त्या ताई आंबे विकत नाहीत. मी तुझं प्रोफाइल बनवलं होतं." आणि गप्प बस. नंतरची पहिली दोन मिनिटं वाईट जातील. फोन मागेल तर दे. चॅट वाचू दे, मधलं काही डिलीट करू नकोस, नाहीतर त्याला वाटेल की जे काढलंस ते जास्त वाईट होतं.

मग त्याच्यासमोर प्रोफाइल काढून टाक. फोनवरून अ‍ॅप उडवलं म्हणजे प्रोफाइल गेलं असं होत नाही, आणि साइटवर 'लपवा' वेगळं नि 'काढून टाका' वेगळं. काढून टाकायचं. कारण विचारतील, त्यात 'लग्न ठरलं' हा पर्याय दाबू नकोस, मोह होईल. तो दाबलास तर अभिनंदनाचा मेल येईल, आणि नोंदणीला तू आईचा ईमेल दिलायस.

त्या ताईंना दादाच सांगेल. तू माफीचा लांबलचक मेसेज पाठवू नकोस. दादाने फोन करावा आणि पहिल्या वाक्यात खरं सांगावं. त्या भेटायला म्हणून आल्या नव्हत्या, त्यांचं नाव त्यांना न विचारता फिरलं, फोटोही फिरला असेल. पुढे बोलायचं की नाही हे त्या ठरवतील. त्या 'नको' म्हणाल्या तर विषय तिथे संपतो, पत्रिकेचं निमित्तही लागत नाही.

आता तू विचारशील, मग जुळत होतं त्याचं काय? दादा त्यांना दोनदा फोन करतो, हार्मोनियमचा पत्ता शोधून देतो, रात्री गॅलरीत उभा राहून हसतो. मलाही ते वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. लोक तासभर पोहे पुढे ठेवून बसतात आणि 'आवड काय, वाचन-संगीत' यापलीकडे जात नाहीत. या दोघांनी भाता आणि पेंढ्यावरून पाऊण तास काढला. पण सध्या तो ज्या ताईंशी बोलतोय त्यांना माहीत नाही की हे स्थळ होतं, आणि त्यालाही माहीत नाही. हे त्यांना तिसऱ्याकडून कळलं, समजा मुलुंडचं पोर आधी घाबरून बोललं, तर दादा त्या ताईंच्या नजरेत 'बहिणीकरवी डाव रचणारा' ठरेल. तुझ्या शांततेची किंमत त्याला मोजावी लागेल. म्हणून या आठवड्यात, असं म्हटलं मी.

अजून एक गोष्ट, जी तुझ्या पत्रात अगदी कोपऱ्यात आहे. तू बायोडेट्यात लिहिलंस, 'स्वतःचा टू बीएचके, बोरिवली'. आहे ना. कागदावर. तुमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेलीय, बिल्डर भाडं देतोय, आणि जिथे तुमचं घर होतं तिथे आज खड्डा आहे. आत्ताच्या भाड्याच्या घरात बेडरूममध्ये आई-बाबा झोपतात, हॉलमध्ये दिवाणावर तू आणि खाली गादी घालून दादा. उद्या वहिनी आली तर ती कुठे झोपेल, याचा तू विचार केलास? दादाने नक्की केला असणार. माझ्या वहीत 'पझेशन मिळाल्यावर बघू' असा शेरा असलेली पानं इतकी आहेत की मी त्यांना वेगळा रंगीत कागद लावलाय. मुलं हे घरी बोलत नाहीत. आईला वाटतं मुलगा लग्नाला तयार नाही, मुलगा मनातल्या मनात टॉवरचे मजले मोजत असतो. चप्पल घालून खाली जाणाऱ्या माणसाला मुली आवडत नाहीत असं नसतं. 'अजून कितवा स्लॅब झाला' हे तो रोज विचारतो का, बघ. विचारत असेल तर तुला उत्तर मिळालं.

हे त्याला विचार, चालता-चालता. "दादा, तुला लग्न नकोय की आत्ता नकोय?" आई हे विचारू शकत नाही, कारण ती विचारते तेव्हा त्यात होकाराची घाई असते. तू विचारू शकतेस. आणि तो काय म्हणाला ते आईला जाऊन सांगायचं नाही.

तुला माझ्या कामात खरंच रस असेल तर तो वाया जाऊ देऊ नकोस. कारण एक गोष्ट तू फार चांगली लिहिलीस. बायोडेट्यात नाही, पत्रात. "दादा भांडण झालं की बोलत नाही, पण रात्री माझ्या फोनला चार्जर लावून ठेवतो." असं वाक्य मला २६ वर्षांत कुठल्याही आईने लिहून दिलं नाही. 'निर्व्यसनी, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल' हे तीन शब्द मात्र प्रत्येक कागदावर. उद्या दादा स्वतः तयार झाला आणि त्याने तुला सांगितलं, तर त्याच्याबद्दलच्या चार ओळी तू लिही, त्याला वाचून दाखव, त्याने हो म्हटलं तरच माझ्याकडे आण. उंची खरी लिही, तारीख आधी आणि महिना नंतर लिही, आणि अपेक्षांचा रकाना त्याला भरू दे. गणिताची शिकवणी आपण वेगळी लावू.

आई-बाबांना शेवटी सांगायचं, दादा म्हणेल तेव्हा आणि तो म्हणेल तेवढंच. बाबा ओरडतील. आई ओरडणार नाही, तिला हसू येईल आणि ती ते दाबायला स्वयंपाकघरात जाईल, असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. मग बाहेर येऊन ती पेटीबद्दल विचारेल. तिने तीन हजार रुपये दिले होते, ते तुझ्या कपाटात भूगोलाच्या वहीत आहेत, असं तू लिहिलंयस. जूनचा पहिला पाऊस पडला की हापूस संपला म्हणून समज, आणि जो उरतो त्यात साका, म्हणजे आतला बिघडलेला गर, निघायला लागतो. तेव्हा दादाशी बोलणं झालं की दुसऱ्याच दिवशी बाजारात जा. तो बरोबर आला तर उत्तम, नाही आला तरी जा. पेटी घेताना वरचा थर बघून घेऊ नकोस, खालचे दोन आंबे काढून वास घे.